पाचवा नमुना

गेल्या संक्रांतीला आष्ट्याच्या घरी चिक्की मोडताना लक्षात आलं, उजव्या अंगठ्याला काही कळत नाही. साखरेचा आजार, दुसरं काय! ज्या अंगठ्यावर पुण्यात अख्खी नोकरी मिरवली, तोच बधिर. रबर किती घट्ट झालं हे पाहायला शोअर-ए मीटर असायचा. मी मात्र आधी अंगठा दाबून आकडा सांगायचो, मग पोरांना मीटर लावू द्यायचो. आकडा जुळला की दिवसभर ताठ चालायचो. नाही जुळला तर मीटर तपासायला पाठवायचो.

काम बाइंडरचं. रॉकेटच्या घन इंधनात ८५ टक्क्यांच्या आसपास नुसती पूड आणि खडे, परक्लोरेट नि अ‍ॅल्युमिनियम. उरलेल्या मूठभर रबराने ते सगळं बांधून धरायचं. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात असं सुमारे १३८ टन इंधन असतं, आणि ते एकसंध राहतं ते एचटीपीबीच्या जिवावर. हे रबर आपल्याकडे ठाण्याच्या नोसिलमध्ये तयार व्हायचं, याचा मला उगाचच घरचा अभिमान.

जन्मभर छळलं ते एकाच गोष्टीनं. सुटणं. डंबेलच्या आकाराचा नमुना यंत्रात ताणला की आलेख सरळ चढतो आणि एका जागी मान टाकतो. तिथं रबर तुटलेलं नसतं; त्यानं खड्याला सोडलेलं असतं. खड्याभोवती पोकळी होते, नमुना फुगतो, पांढुरका दिसतो. चिक्कीचं वेगळं काय असतं? मोडल्यावर दाणाही दुभंगला असेल तर गुळानं धरलं होतं. दाणा अख्खा निसटून मागं गुळगुळीत खळगा राहिला, तर नव्हतं. रबराला मिठासारख्या खड्याची मुळात ओढ नाही. बाँडिंग एजंटची चिमूट घाला, सांधे वाढवा. ताकद येते, पण ताण जातो. ताण मागा, ताकद जाते. दोन्ही एका नमुन्यात मिळाल्याचे माझे दिवस बोटांवर मोजण्याइतके.

त्यात पावसाळा. रबर घट्ट करणारं आयसोसायनेट हवेतलं पाणी पितं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि रबरात फुगे धरतात. फुगा गोल असतो, सुटलेल्या खड्याच्या खळग्याला कोपरे असतात. भिंगाखाली फरक लगेच कळतो. मी दर वेळी भिंग घेतलं असं नाही. पावसावर ढकलणं सोपं होतं.

शेजारच्या टेबलावर जीएपीवाले. त्यांचं अझाइड बाइंडर जळताना स्वतःची उष्णता देतं, नायट्रोजन सोडतं. आमचं रबर नुसतंच सरपण. हे ते चहाच्या वेळी रोज ऐकवायचे. मी म्हणायचो, थंडीत बघू. आमचं रबर उणे ७५ अंशांच्या आसपास काचेसारखं होतं, त्यांचं उणे ४५ लाच. शिवाय त्यांच्या साखळीचं बरंचसं वजन बाजूच्या फांद्यांत, कणा बारीक; ताणलं की लवकर तुटतं. सगळं खरं, पण बोलायचो ते पोटदुखीनं. नवं काम त्यांच्याकडे जात होतं. हल्लीच्या पोरांना तर दोन्हींशी देणंघेणं नाही. गोवारीकरांचं १९८६ चं ‘पॉलिमर सायन्स’ उघडण्याआधीच सॉफ्टवेअर उघडतात.

असं मी म्हणतो खरं, पण शेजारची नात तशी निघाली नाही. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ती रबरात परक्लोरेटऐवजी साधं मीठ भरते. माझ्या जुन्या वह्या तिनं मागून नेल्या आणि चौथ्या दिवशी आली.

“आबा, नमुने पाच ताणायचे ना? मग सगळीकडं आकडे चारच कसे?”

सगळ्यात कमी ताणलेला मी काढून टाकायचो. शेरा ठरलेला: पकडीत घसरला. काही खरंच घसरले होते. बाकीचे काढले कारण चार आकड्यांची सरासरी देखणी यायची, आणि ती माझ्या नावानं वाचली जायची.

तिला हे सांगितलं नाही. माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढून दिला. मिठाचे सरावाचे नमुने होते. त्यांतले पाचवे मी का कोण जाणे, टाकले नव्हते. तिनं एक तुकडा उचलून भिंगाखाली धरला.

“खळग्यांना कोपरे आहेत, आबा.”

“पावसाळ्यातला असेल,” मी म्हणालो.

तिनं तुकडा उलटा केला. मागं चिठ्ठी होती, अक्षर माझंच.

“मार्च लिहिलंय की.”