घाटावर आणि घाटाखाली: बुलढाणा जिल्हा कसा वाढला?

१/ बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले, तर तालुक्याच्या आधी अनेकदा ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’ असे उत्तर येते. मी घाटावरचा. या जिल्ह्याचा इतिहास, लोकसंख्या आणि अर्थकारण वाचताना या दोन शब्दांपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबलो. हा धागा त्याविषयी.

२/ आधी भूगोल पाहू. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याचे दोन भाग करते. उत्तरेला पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे : मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. दक्षिणेला पठार : बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. पूर्णेचे पाणी तापीतून अरबी समुद्राला मिळते. बुलढाण्याजवळ उगम पावणाऱ्या पैनगंगेचे पाणी मात्र गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात जाते.

३/ रेल्वेपूर्व काळात घाटावरचे वजन मोठे होते. अकबराच्या राज्यव्यवस्थेत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका ‘सरकार’चे ठाणे होते. सिंदखेडची देशमुखी लखुजी जाधवरावांकडे होती आणि १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म तिथेच झाला. १६२९ मध्ये निजामशहाने लखुजींची दौलताबादेत हत्या करवली. दख्खनच्या राजकारणात या पठाराला किती महत्त्व होते, हे त्यावरून कळते.

४/ १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे जिल्ह्याचे मुख्यालय डोंगरमाथ्यावरच्या हवेशीर बुलढाण्यात स्थिरावले. कचेरी घाटावर राहिली, पैसा मात्र घाटाखाली उतरू लागला.

५/ त्याचे कारण कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. सपाट जमीन आणि कापसाचे पीक दोन्ही खालीच होते, त्यामुळे रूळ घाट चढलेच नाहीत.

६/ खामगावची कापूसपेठ तेव्हा इतकी मोलाची होती की तिच्यासाठी जलंबपासून सुमारे १३ किलोमीटरचा स्वतंत्र फाटा टाकला गेला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका तालुक्याच्या गावी देशाचा सर्वोच्च अधिकारी कापसाच्या गाठींसाठी येतो, यात त्या काळाचे सारे अर्थकारण आले.

७/ आमच्या घरात ‘घाट उतरणे’ म्हणजे मोठे काम निघणे. दागिना मोडायचा, गाडी पकडायची, दुरून येणाऱ्या पाहुण्याला आणायचे, तर घाट उतरावा लागे. रेल्वेचे वेळापत्रक पाठ असलेला माणूस आमच्या गावात शहाणा गणला जाई. जिल्हा आमचाच, पण त्यातली रेल्वे आम्हाला परगावची वाटे.

८/ आता लोकसंख्येकडे वळू. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्यात ४,२३,६१६ माणसे मोजली गेली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ही संख्या १२ टक्क्यांनी कमी होती. मध्ये १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ होऊन गेले होते. रेल्वे होती, बाजारपेठ होती, गाठी जहाजावर चढत होत्या, तरीही दर शंभरांमागे बारा माणसे उणी झाली. शेतात काम नाही म्हणून मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून बाजारातले धान्य असूनही नसल्यासारखे. जनगणनेच्या कोष्टकातली ती घट मी प्रथम वाचली, तेव्हा लॉर्ड मेयोंच्या समारंभाचा थाट मला वेगळा दिसू लागला.

९/ लगेच १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना झाली. अकोल्याकडचे खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. नव्या हद्दीनुसार १९०१ ची लोकसंख्या ६,१३,७५६ ठरते. नकाशावरची रेघ सरकली आणि जिल्हा ‘वाढला’. म्हणून जुन्या आकड्यांची तुलना करताना आधी हद्द तपासावी.

१०/ २०११ मध्ये ही संख्या २५,८६,२५८ झाली. म्हणजे ११० वर्षांत चौपटीहून अधिक वाढ. त्यांतले शहरांत राहणारे जेमतेम पाचांत एक. हा जिल्हा आजही पावसाकडे डोळे लावून बसतो. घाटावर सोयाबीन पसरले आहे, देऊळगाव राजाकडे शेडनेटमधले भाजीपाल्याचे बीजोत्पादन उभे राहिले आहे. खाली खामगावची चांदी आणि शेगावची वारी यांनी बाजार जागता ठेवला आहे. तिथेच खारपाणपट्ट्यातली गावे गोड्या पाण्यासाठी झगडतात.

११/ त्याच जनगणनेतला आणखी एक आकडा : शून्य ते सहा वयोगटात दर १,००० मुलांमागे ८५५ मुली. दर १२ जानेवारीला सिंदखेड राजात जिजाऊंच्या जन्मस्थळी अफाट जनसमुदाय लोटतो. त्याच जिल्ह्याचा हा आकडा आहे. माझ्या मते जयंतीच्या भाषणांत तो दरवर्षी मोठ्याने वाचला गेला पाहिजे.

१२/ घाटावर रेल्वे अजून नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पण ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि तो मेहकर, सिंदखेड राजा या आमच्या पठारावरून जातो. दीडशे वर्षांनी वाहतुकीचा मोठा मार्ग घाटावर आला.

१३/ याचा मला आनंद आहे, आणि धाकधूकही. १८७० च्या रुळांनी इथला कापूस बाहेर नेला, पण १९०० मध्ये इथल्या माणसांना वाचवायला ते पुरे पडले नाहीत. महामार्गावरून आज आमची तरुण मुले पुण्या-मुंबईकडे काही तासांत पोचतात. त्याच रस्त्याने इकडे काय येणार, प्रक्रिया उद्योग, गोदामे, रोजगार की नुसता जमिनीचा भाव, हे अजून ठरायचे आहे.

१४/ इतिहासाची आवड असलेल्या तुम्हा सर्वांना एक विनंती. आपापल्या जिल्ह्याची जनगणना पुस्तिका उघडा आणि १९०१ ची ओळ शोधा. तिथे संख्या घटलेली दिसली, तर त्या दशकात तुमच्या स्टेशनातून काय काय बाहेर जात होते, तेही शोधा.