रुपिया, बापा आणि समुद्राची राखण

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस, आर्नेम लँडच्या किनाऱ्यालगत, क्रोकोडाइल द्वीपसमूह आहे. त्यातील मिलिंगिंबी बेटावर शाळेच्या कामानिमित्त आम्ही काही महिने राहिलो. हजारभर योलंगू लोकांची वस्ती, शाळा, दवाखाना, दुकान आणि एक धावपट्टी. दुकानातला माल डार्विनहून बार्जने येतो. बार्ज लांबली की भाजी संपते. गाव त्याने फारसे हवालदिल होत नाही, कारण समुद्र दाराशीच असतो.

परक्या माणसालाही येथे कोणीतरी आपल्या नात्यात घेते. एरवी त्याच्याशी बोलावे कसे, हाच प्रश्न पडतो. आईची बहीण ही आईच, वडिलांच्या बहिणीला मात्र वेगळा शब्द. इंग्रजीतल्या एकाच 'आंटी'त मावशी आणि आत्या कोंबल्या जातात याची चीड असलेल्या आम्हां मराठी माणसांना हे सुखावणारे होते. वडिलांना 'बापा' म्हणतात हे ऐकून तर आम्ही चमकलोच. (केवळ ध्वनिसाम्यावरून कुळे जुळवण्याचा मोह विद्यार्थ्यांनी टाळावा, हे आलेच.) 'रुपिया'ची गोष्ट निराळी. पैशासाठी योलंगू हाच शब्द वापरतात, आणि तो खरोखरच आपल्याकडून निघालेला आहे. सुलावेसीतील मकासरचे खलाशी समुद्रकाकड्या गोळा करायला शतकाहून अधिक काळ या किनाऱ्यावर येत. १९०७ च्या सुमारास सरकारने त्यांचे येणे बंद केले. शब्द मागे राहिला.

रेंजरांची बोट निघते ती भरती-ओहोटी पाहून. घड्याळाला तेथे दुय्यम मान. मासेमारी नौकांनी टाकून दिलेली जाळी वाहत येऊन वाळूत रुततात, आणि वाटेत कासवांना गुरफटवतात. ती उपसायची, कापायची, बोटीत भरायची. ओले नायलॉन किती जड असते हे हात लावल्याशिवाय कळत नाही. कोरड्या ऋतूच्या आरंभी गवताला थोडी थोडी आग लावणे हेही त्यांचेच काम. म्हणजे पुढे मोठा वणवा पेटत नाही.

या दलामागे लॉरी बेमारवांगा या मुरुंगा बेटावरच्या वृद्धा होत्या. त्यांना इंग्रजी येत नसे. वडिलोपार्जित भूमी आणि समुद्राच्या थकलेल्या भाड्याचे सुमारे ४ लाख डॉलर २०१० मध्ये त्यांच्या हाती आले. ते सगळे त्यांनी बेटांवरील शिक्षण, रोजगार आणि १,००० चौरस किलोमीटरच्या कासव-अभयारण्यासाठी देऊन टाकले. २०१२ मध्ये देशाने त्यांना वर्षातील ज्येष्ठ नागरिक म्हणून गौरविले. २०१४ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या यान-न्हांगू भाषेचा सचित्र कोश त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ती बोलणारे आता मोजकेच आहेत.

कोश आणि कासवे ही दोन कामे आहेत असे आम्हांला वाटत नाही. खडकाचे, खाडीचे, वाऱ्याचे नाव तिथे जाणाऱ्यालाच लागते. बोट निघाली नाही तर कोशातले निम्मे शब्द निरुपयोगी. शाळेवर मात्र विसंबता येत नाही. मिलिंगिंबीत १९७० च्या दशकापासून योलंगू भाषेतून शिकवीत असत. २००८ साली नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच, असा दंडक काढला. तो पुढे मागे पडला, पण असे दंडक पुन्हा येऊ शकतात.

एकदा आम्ही बोटीत होतो. वयस्क रेंजरने एका लहानशा खाडीचे नाव सांगितले. शाळकरी मुलाने ते तीनदा उच्चारून पाहिले, तिसऱ्यांदा बरोबर जमले. अहवालात जाळ्याची लांबी आणि अक्षांश-रेखांश इंग्रजीत लिहिले गेले.