बाबांची तारीख

बाबांच्या पेन्शनची केस ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात आहे. तारीख असली की आम्ही जालन्याहून सकाळची एसटी धरतो. संभाजीनगर साठेक किलोमीटर. गेल्या वेळी नुसतीच पुढची तारीख घेऊन परतलो.

“हायकोर्टानं सांगावं ना सरकारला, जालन्यातही बसत जा म्हणून!” मी वैतागले.

“अगं, तुझे आजोबा जमिनीच्या केससाठी मुंबईला जायचे. मनमाडला गाडी बदलून.”

रात्री फोनवर जुना निकाल वाचत बसले. 1 मे 1981ला जालना जिल्हा झाला आणि त्याच 27 ऑगस्टपासून औरंगाबादला हायकोर्ट बसू लागलं. त्याला आव्हान दिलं गेलं. मुंबईत तो आदेश रद्द झाला, 1982मध्ये सुप्रीम कोर्टानं तो पुन्हा उभा केला. मला वाटलं होतं, मराठवाड्याचं अंतर मोजून केला असेल. पण मुख्य प्रश्न वेगळाच होता: राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51(3)नुसार, राज्यपालांच्या संमतीनं, असं ठिकाण ठरवायचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींना आहे का? आहे.

मॅटची पीठं कुठे बसतील, हे 1985च्या कायद्यानं राज्य सरकारच्या अधिसूचनेवर सोपवलंय. अधिकाराचा गैरवापर झाला तर कोर्ट बघेल, गाव निवडून देणार नाही. पटतं मला हे. नाहीतर प्रत्येक तालुका याचिका घेऊन उभा राहील. तरी बाबांचे गुडघे दुखतातच.

म्हणून अर्ज थेट मंत्रालयाला लिहिलाय. मायना चुकला होता, बाबांनी लाल पेनानं दुरुस्त केला.