चूक सांगावी, चित्र काढून देऊ नये

व्यक्तिचित्रण शिकणाऱ्याच्या बोर्डापुढे सर येऊन बसतात, त्याच्या हातातला ब्रश घेतात, गालावर दोन आणि नाकाखाली एक फटकारा मारतात आणि चेहरा उभा राहतो. वर्ग भोवती जमतो, वाहवा होते. याला आपल्याकडे ‘करेक्शन’ म्हणतात. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेच्या परंपरेत मुरलेली ही रीत आज लोअर परळच्या हौशी मंडळींच्या शनिवार-रविवारच्या वर्गांपर्यंत पोचली आहे. मला ती मनापासून खुपते. शिकणाऱ्याला चित्र जमल्याचं समाधान मिळतं, पण ते फटकारे तिथेच का, हा निर्णय त्याचा नसतो आणि तो त्याला कुणी उलगडूनही सांगत नाही. पुढच्या रविवारी तो पुन्हा त्याच गालाशी अडतो. याच्या दुसऱ्या टोकाला ‘छान झालंय’ असतं, आणि त्यातूनही काही हाती लागत नाही. माझं म्हणणं असं, की चेहऱ्यात काहीतरी चुकलंय हे सांगायचा अधिकार कुणालाही आहे, अगदी चहा घेऊन आलेल्या मुलालाही. पण नेमकं काय चुकलंय हे शोधायचं काम रंगवणाऱ्याचं आहे, आणि ते त्याच्याकडून काढून घेऊ नये.

या म्हणण्याला आधार आहे. १९८० साली यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांचा एक फोटो घेतला, त्यातले डोळे आणि तोंड तेवढे उलटे करून त्याच जागी बसवले. हा फोटो खाली डोकं वर हनुवटी असा धरला तर बघणाऱ्याला फारसं वावगं दिसत नाही. सरळ केला की तोच चेहरा भेसूर होतो. म्हणजे चेहरा आपण सुट्या अवयवांची बेरीज करून ओळखत नाही. सगळा मिळून एकदम ओळखतो, आणि तोही सरळ असेल तरच. म्हणूनच ज्यानं कधी पेन्सिल धरली नाही अशा माणसालाही ‘हे ते नाहीत’ हे क्षणात कळतं, आणि नेमक्या त्याच कारणानं चूक कुठे आहे हे त्याला सांगता येत नाही. मुलाला ताप आहे हे आईला हात लावताच कळतं, तो कशानं आला हे मात्र तपासावं लागतं. चित्रकार आपलं चित्र उलटं करून किंवा आरशात धरून बघतात, ते ही सवयीची ओळख मोडण्यासाठीच.

बघणारा म्हणतो, ‘नाक मोठं झालंय.’ शिकणारा मुकाट्यानं नाक लहान करतो आणि होतं तेवढं साम्यही घालवून बसतो. नाकाचं माप बहुतेक वेळा बरोबरच असतं. नाकाखालची छाया जास्त गडद झालेली असते, शेंड्यावरचा हायलाईट टोचत असतो, नाहीतर हनुवटी तोकडी पडलेली असते, म्हणून नाक पुढे येतं. ‘कपाळ बसकं दिसतंय’ या तक्रारीचंही तेच. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, नवशिके ते वर काढतात. दुरुस्ती कपाळाची नसून डोळ्यांची असते. डिलाईल रोडच्या चाळींतून हार घातलेल्या तसबिरी अजून दिसतात. त्यातल्या कितीतरी गिरणीच्या ओळखपत्रावरचा किंवा लग्नातला एखादा लहानसा फोटो समोर ठेवून रंगवलेल्या असतात. समोरून आलेल्या सपाट उजेडात गालाचा उतार, डोळ्याची खोबण फोटोत पुसली जाते, आणि घरचे म्हणतात, ‘अण्णा असे नव्हते.’ ते खरंच बोलत असतात. चित्रकारानं फोटो पुढे करून वाद घालण्यात अर्थ नसतो. अण्णा कसे मान वळवून बघायचे, हसताना कुठला गाल आधी वर जायचा, हे विचारावं. फोटोत नसलेली माहिती त्या घरात असते.

मग ज्याचं चित्र, त्याचंच मत अंतिम का मानू नये? सगळ्यात कमी भरवशाचं मत त्याचंच, असं मला वाटतं. माणूस आपला चेहरा जन्मभर आरशात, म्हणजे डावा-उजवा उलटलेला पाहतो. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त पसंत पडला आणि त्यांच्या मित्रांना सरळ फोटो. १९५४ साली ग्रॅहम सदरलंड यांनी काढलेलं चर्चिल यांचं व्यक्तिचित्र खुद्द चर्चिल यांना इतकं नावडलं, की पुढे त्यांच्या पत्नीनं ते नष्ट करवलं. चित्र साफ चुकलं होतं, असं त्यावरून ठरत नाही.

ब्रशच्या करेक्शनचा कैवार घेणारे मुद्दा काढतात तो जुन्या मंडळींचा. १८५७ साली सुरू झालेल्या जे.जे.मधून आणि १९०८ साली सावळाराम हळदणकरांनी काढलेल्या संस्थेतून किती उत्तम हात तयार झाले, तेव्हा ही रीत वाईट कशी? पण त्या विद्यार्थ्यांमागे वर्षानुवर्षांचं ड्रॉईंग होतं. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवर बसायचं, मग जिवंत मॉडेलसमोर. सरांच्या एका फटकाऱ्याचा अर्थ त्यांना वाचता येत होता. आठवड्याला तीन तास येणाऱ्याला तो वाचता येत नाही. शिवाय हळदणकरांचं प्रसिद्ध ‘ग्लो ऑफ होप’ आहे जलरंगात, आणि जलरंगातलं व्यक्तिचित्र ही आपल्याकडची मोठी परंपरा. जलरंगात बसलेला वॉश सहज निघत नाही. तिथे शेवटी केलेल्या दुरुस्तीनं रंग मळतो. सांगायचं ते पहिल्या अर्ध्या तासात सांगायला हवं, डोक्याचा आकार आणि मुख्य छाया ठरत असताना. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: पापण्या रंगवून झाल्यावर सर फिरत येतात.

हात दाखवायचाच तर सरांनी तो स्वतःच्या कॅनव्हासवर दाखवावा. २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार ज्यांना पत्नीच्या चित्रासाठी मिळाला, त्या वासुदेव कामतांसारख्यांची जाहीर प्रात्यक्षिकं मला म्हणूनच मोलाची वाटतात. समोर मॉडेल असतं, मागे गर्दी असते, आणि कुठला निर्णय आधी घेतला, कुठला नंतर, हे सगळ्यांसमक्ष घडतं.

नेमकं बोललं तर नवशिका दुखावेल, वर्ग सोडून जाईल, ही भीतीही ऐकू येते. दुखावतं ते मोघम बोलणं. ‘जीव नाही यात’ हे वाक्य माणसाला घरी बसवतं. ‘डावा डोळा उजव्यापेक्षा वर गेलाय, पेन्सिल आडवी धरून बघ’ हे वाक्य त्याला कामाला लावतं. मात्र बोलण्यापूर्वी त्याच्या जागी, त्याच्याच उंचीवर डोळे नेऊन मॉडेल बघायला हवं. दोन हात बाजूला सरकलं की नाकाची कडा गालावर वेगळीच पडते, आणि सांगणारा भलत्याच चेहऱ्याची चूक दाखवत बसतो.

एका बाबतीत माझंच म्हणणं मला पुरं पडत नाही. कडा. जबड्याची रेषा मानेच्या छायेत कुठे विरू द्यायची आणि कुठे धारदार ठेवायची, हे शब्दांत सांगता येत नाही. ‘मऊ कर’ म्हटलं की शिकणारा सगळंच पुसून टाकतो. तिथे सरांचा ब्रश एकदा कागदाला लागावाच लागतो. तो त्याला विचारून लागावा, कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेवर लागावा, आणि मग ब्रश परत त्याच्या हातात द्यावा.