मांडवाखालचा ट्रॅक्टर

सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हरने ते फोडलं, आत बोट घातलं, बोट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, या माशीला चहा पाजा. हिने बूच मारलं म्हणून आत पाणी गेलं नाही."

आठ वर्षं बाभळीखाली उभ्या असलेल्या आमच्या छोट्याबद्दल कानावर आलेला हा पहिला चांगला शब्द. आदल्या आठवड्यात भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला होता आणि थोरल्या भावाने तो जवळजवळ कबूलही केला होता. मी सुट्टीला माहेरी आलेली. कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, "खर्च मी करते." नाना खाटेवरूनच म्हणाले, "कशाला? बाग कुठंय आता?" प्रश्न बरोबर होता. उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

छोटा म्हणजे मित्सुबिशी शक्ती. साडेअठरा हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर, चारही चाकांना ओढ आणि रुंदी जेमतेम चार फूट. निफाड तालुक्यात आमच्याकडे द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ फूट अंतर सोडलेलं. कागदावर नऊ फूट भरपूर वाटतं. पण दोन्ही बाजूंनी काड्या फुटल्या, वर मांडवाच्या तारांवरून घड लोंबायला लागले, की मोठा ट्रॅक्टर आत घालणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बैल सोडणं. १९९७ साली छोटा आला तेव्हा मी सातवीत होते. तोवर औषध मारायचं म्हणजे एचटीपी पंप बांधावर आणि पुढे लांबच लांब नळी. गडी गन धरायचा, मागे आई आणि मी नळी ओढायचो. नळी वेलीच्या बुडाला अडकली की धावत जाऊन सोडवायची, तोवर गडी पुढून ओरडतोय. ऑक्टोबर छाटणीनंतर ढग आले की डावणीचा रोग येतो, आणि डावणी शाळेचं वेळापत्रक बघत नाही. छोट्याच्या मागे पंप आणि टाकी बसली तेव्हा आई पहिल्यांदा फवारणीच्या दिवशी दुपारची झोपली. गावात कुणाला ट्रॅक्टर आला म्हणजे काय झालं ते सांगता येतं. आमच्या घरात एवढंच झालं.

मला तो चालवायला नानांनीच शिकवलं. भाऊ नाशिकला शिकायला गेला होता, गडी मिळत नव्हते. स्त्री-पुरुष समानता वगैरे काही नाही, नड होती. पहिला धडा क्लचचा नव्हता, गिअरचाही नव्हता. "मान खाली." मांडवाच्या तारा साडेसहा फुटांवर. सीटवर ताठ बसलं तर तार कपाळावर येते, नाहीतर घड फुटून केसांत. नाना उंच. ते तर छोट्यावर प्रश्नचिन्हासारखे वाकून बसत. मांडवात अडकू नये म्हणून सायलेन्सरही त्यांनी पहिल्याच वर्षी वेल्डरकडून कापून आखूड करून घेतला होता. ओळ संपली की वळताना ताणाचा अँगल सांभाळायचा. माझ्याकडून एकदा नाही सांभाळला गेला. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यात हाताचा पंजा बसेल एवढा पोचा गेला. नाना उतरून आले, आधी अँगल हलवून बघितला, मग तार, मग वेल. पोच्याकडे बघितलंच नाही.

बोर्डो मात्र ते कुणाला करू देत नसत. शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर कळीचा चुना. मिश्रण झालं की घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. नाहीतर पानं करपतील. फ्रान्सात बोर्दोच्या आसपासचे शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती घालायला मोरचूद-चुना शिंपडायचे, त्याच वेली डावणीतून वाचलेल्या मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिल्या आणि १८८५ साली ही गोष्ट जगासमोर मांडली. हे मी कॉलेजात वाचलं. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे चोरांचे उपकार." आणि पुढची बादली ओतली.

मग वर्षं गेली. मी लग्न होऊन पुण्याला गेले. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले. आमचा माल परदेशी जात नव्हता, पण भाव पडला तो सगळ्यांचाच. २०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली. त्याबद्दल मी लिहिणार नाही; ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. पुढच्या वर्षी बाग तोडली. अँगल आणि तारा किलोवर गेल्या. छोटा मात्र "ठेवला". हा शब्द आमच्या घरात जरा अभिमानाने वापरला जायचा. पाहुण्याला दाखवायचं, "विकला नाही, ठेवलाय." ताडपत्री दोन पावसाळ्यांत फाटली. त्यावर दुसरी घालायला कुणाला सवड झाली नाही. दिवाळीला यायची तेव्हा मीही लांबून बघायची, जवळ नाही जायची.

मिस्त्रीने आमच्या त्या ठेवण्याचा पंचनामा केला. एअर क्लीनरमध्ये उंदराचं बिऱ्हाड. वायरिंग कुरतडलेलं. डिझेलच्या टाकीच्या तळाशी काकवीसारखा काळा चिकट गाळ. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. आणि इंजिन जाम. "चालून एवढं बिघडत नाही, ताई," तो म्हणाला, "हे सगळं उभ्याने झालंय." मी भावाकडे बघितलं, भावाने माझ्याकडे.

तिन्ही नोझल काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि तसंच मुरत ठेवलं. रोज सकाळी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून मी थोडा जोर देऊन बघायची. जास्त जोर द्यायचा नाही, रिंग मोडेल, असा दम होता. सहा दिवस दगड. सातव्या दिवशी पाना करंगळीएवढा सरकला. मी एवढ्यांदा ओरडले की आई पीठ माखलेल्या हातांनी बाहेर आली.

क्लचचं काम रांगडं निघालं. पेडल दाबून त्यात आणि सीटमध्ये लाकडाचा ओंडका ठोकला, गिअर टाकला आणि शेजाऱ्यांच्या मोठ्या ट्रॅक्टरने साखळी लावून ओढला. दोन हिसक्यांत प्लेट सुटली. नव्या प्लेटसाठी तालुक्याच्या दुकानात गेले, तर त्यांनी भलत्याच मॉडेलची दिली आणि परत घेताना विकत घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावला.

मागचे ब्रॅकेट आणि नटबोल्ट मिस्त्री सरसकट बदलायला निघाला होता. तिथे एका बोल्टवर मला गंजाहून वेगळा तांबडेपणा दिसला. टाकीत मोरचुदाचं पाणी ओततात ना, तिथलाच तो. आईने काही न बोलता चिंचेचा कोळ आणला आणि देवघरातला तांब्या घासतात तसा तो बोल्ट घासला. लोखंडाच्या बोल्टवर तांब्याची पातळ साय चढलेली. नाना खाटेवरून उठून आले. बोल्ट हातात घेऊन उन्हात फिरवला आणि म्हणाले, "चुना कमी पडला होता." कुठल्या वर्षी, कुणास ठाऊक.

शेवटचं काम हवा काढायचं. फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारायचा. आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग बुडबुडा नसलेली सरळ धार. तेव्हाच बोल्ट आवळायचा. मग पंपाकडे, मग एकेका नोझलच्या नळीला. तिसऱ्या नळीपर्यंत माझे हात कोपरापर्यंत डिझेलचे झाले होते. चावी फिरवली. धक धक, काही नाही. पुन्हा. पांढरा धूर, एक ठोका, दुसरा, आणि मग तिन्ही सिलिंडर एकमेकांना सापडले. बाभळीवरचे बगळे उडाले. रंग देऊ का, असं मिस्त्रीने विचारलं. पोच्यासकट राहू दे म्हटलं.

बाग नव्हतीच. कांद्याचं रान रोटर मारून तयार करायचं होतं, म्हणून तिकडेच नेला. मी सीटवर, नाना बांधावर काठी टेकून. पहिली तास धरली, वळले, दुसरी धरली. चारही बाजूंना मोकळं रान, वर नुसतं ऊन. तिसऱ्या खेपेला मान दुखायला लागली तरी मला कळेना का. बांधाजवळ आले तेव्हा नानांनी काठी वर करून थांबवलं. इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "मान वर कर की. तारा काढल्यात."