मावशींचा हप्ता

अगं,

तुझं पत्र मिळालं. लीड्सच्या थंडीचं एवढं कौतुक वाचून हसूच आलं. मार्चमधल्या दहावीच्या परीक्षेला कानटोपी घालून आलेली तूच ना ती?

तुला सांगते, इथे चितेगावात सध्या दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न, “तुझा आला का?” पैठण रोडवर रिक्षाची वाट बघताना तोच, गिरणीत दळणाच्या रांगेत तोच. ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याचे दीड हजार! २०२४ च्या राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे मिळून पहिले तीन हजार जमा झाले, तेव्हा आईने बँकेचा मेसेज माझ्याकडून पुन्हापुन्हा वाचून घेतला होता. निवडणुकीत एकवीसशेचं वचन मिळालं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात एकवीसशे तर नाहीतच, उलट योजनेची तरतूद ४६ हजार कोटींवरून ३६ हजार कोटींवर आली. राज्यावर नऊ लाख कोटींच्या वर कर्ज. सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी इकडे वळवले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातलेच मंत्री संजय शिरसाट उघड चिडले होते. मला त्यांचं पटलं. गरिबाचं काढून गरिबालाच द्यायचं, यात कसली आलीय माया?

लाभार्थ्यांची छाननी हवी, हे मलाही मान्य आहे. चौदा हजारांवर पुरुषांनी बहीण बनून पैसे उचलले म्हणे! “तुम्ही नाही ना त्यात?” असं ह्यांना विचारलं, तर इतके रुसले की रात्री भाजीलासुद्धा नावं ठेवली नाहीत.

पण छाननीत कोण सापडतं, ते ऐक. मागच्या गल्लीतल्या मावशी, ज्यांची बोरं आपण ओढणीत भरून पळवायचो, त्या अजून चार घरची धुणीभांडी करतात. छाननीच्या ई-केवायसीला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर हवा होता, आणि त्या नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्याच मोबाइलवर येणारा ओटीपी. मावशींनी केंद्रावरच्या पोराला विचारलं, “दोघंही वर गेलेत रे बाबा, तिकडे फोन लागतो का?” सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत.

पुढे अशा बायकांसाठी सवलत निघाली, मृत्यूचा दाखला जोडून काम होईल म्हणून. मग आला तो उलटा प्रश्न: घरातलं कुणी कायम सरकारी नोकरीत नाही ना? मावशी म्हणाल्या, “नाही.” पोराने ‘नाही’ दाबलं. झालं! धुणीभांडी करणारी बाई कागदावर सरकारी नोकराच्या घरची ठरली. हप्ता बंद. चिठ्ठी नाही, कारण नाही. मला इतका राग आला ना, की मावशींनीच मला पाणी आणून दिलं.

आईला विचारलं, तुमच्या वेळी गरीब कसा ओळखायचे गं? ती बहात्तरच्या दुष्काळातली. म्हणाली, रोजगार हमीच्या कामावर उन्हात खडी फोडायला येतो तोच गरजू, त्याला दाखला कोण मागतंय! तसे हाल कुणाचे होऊ नयेत. पण गरिबाच्या शब्दावर तरी विश्वास होता. आणि आता? २०२५ मध्ये अंगणवाडीच्या ताईंना घरोघर फिरून चारचाकी कुणाकडे आहे ते बघायला लावलं. गावातच राहायचं आणि शेजाऱ्याच्या दारातली गाडी लिहून न्यायची, त्यांची काय पंचाईत झाली असेल, सांग!

तुमच्याकडेही तेच झालं की. २०२४ मध्ये म्हाताऱ्यांचा हिवाळी इंधनभत्ता काढला, फक्त पेन्शन क्रेडिटसारखे भत्ते घेणाऱ्यांना ठेवला, आणि पुढच्या वर्षी पस्तीस हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना परत दिला. तूच लिहिलं होतंस, तुझी शेजारीण पात्र असूनही अर्जाची पानं बघूनच घाबरली. आमच्या योजनेची अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा असो की तुमची पस्तीस हजार पौंडांची, ज्याला कागद सांभाळायला जमतं तो सुटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे गं: बंद करायचं तर कारण लेखी द्या, आणि बाई अपात्र आहे हे सरकारने सिद्ध करेपर्यंत तिचा हप्ता चालू ठेवा. शोधायचं काम शोधणाऱ्याने करावं. मावशींनी दीड हजार मिळवायला मजुरी बुडवून किती खेटे घालायचे?

उद्या मी त्यांच्यासोबत पैठणला जाते आहे, अर्ज मीच लिहिलाय. अक्षर बघून हसू नकोस, मराठीच्या बाईंनी कौतुक माझंच केलं होतं, तुझं नाही! तुझ्या शेजारणीचं पुढे काय झालं, ते कळव. मावशी विचारत होत्या.

तुझीच