वाऱ्याचा हिशोब

ग्लायडर उडवतो म्हटलं की नातेवाईक हमखास विचारतात, "वर वारा खूप लागत असेल ना रे?" खरं सांगायचं तर वर वारा कळतच नाही. प्रवाहात सोडून दिलेल्या होडीसारखं असतं ते. काठाकडे पाहिलं तरच कळतं आपण किती वाहत चाललोय. आमचा काठ म्हणजे खालची जमीन.

मी फोनवर एक्ससीसोअर वापरतो. फुकट आहे आणि 2005 पासून ओपन सोर्स. फोनमधल्या जीपीएसला फक्त जमिनीच्या हिशोबानं वेग समजतो, हवेतला नाही. पण थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, उंची कमवायला आम्ही गोल गोल फिरतोच. ताशी 90 किमीनं फिरताना वारा पाठीशी आला की जीपीएस 120 दाखवतो, समोरून आला की 60. फरकाचं निम्मं, म्हणजे 30, हा वाऱ्याचा वेग. वेग सर्वात जास्त ज्या दिशेला, तिकडे वारा वाहतोय. दोन-तीन चकरांत उत्तर तयार! :)

हे नुसतं गणित नाही बरं का. गेल्या उन्हाळ्यात इथे जर्मनीत मी आमच्या मैदानापासून 22 किमीवर होतो, मैदानापेक्षा 1100 मीटर उंच. शांत हवेत ताशी 100 किमीनं जाताना आमचं ग्लायडर 1000 मीटर उंचीत 30 किमी जातं. पडद्यावर समोरचा वारा 15. म्हणजे पोचेपर्यंत 235 मीटर शिल्लक. मी 200 राखून ठेवतो, तेव्हा चालण्यासारखं होतं.

पण तो 15 चा आकडा अर्ध्या तासापूर्वीच्या चकरांचा. सरळ उडताना नुसत्या फोनला नवा वारा कळत नाही. आणि खाली पवनचक्क्या आमच्या मैदानाकडे तोंड करून चांगल्याच जोरात फिरत होत्या. तेवढ्यात थर्मल मिळालं. तीन चकरांनंतर आकडा आला 30. या हिशोबानं 22 किमीला जवळजवळ 1050 मीटर खर्च होणार, हातात उरणार जेमतेम 50. त्यात मैदान चुकलं तर कुठल्या तरी मक्याच्या शेतात!

तिथेच आणखी फिरून 300 मीटर कमावले. तेवढ्यात वाऱ्यानं सव्वा किलोमीटर मागे नेलं, पण सौदा फायद्याचाच.

असो. पडद्यावरचा वारा हा मागे राहिलेल्या जागेचा असतो. पुढचा वारा धूर आणि पवनचक्क्याच सांगतात. परतीला लागण्याआधी थर्मल दिसलं की मी अजूनही तीन चकरा मारून घेतो.